वाचनालयाच्या नव्या इमारतीची समीक्षा विद्यार्थ्यांनी लिहायची, तर सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : मराठीची अध्यापिका, बेळगाव

नमस्कार. मी बेळगावच्या एका पदवीपूर्व महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदाच्या वार्षिकांकात आपल्या भागातील नव्या सार्वजनिक वाचनालयांवर एक विभाग करायचे विद्यार्थ्यांनी ठरवले आहे. विषय त्यांनीच सुचवला. जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत डिजिटल ग्रंथालये झाली, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका झाल्या, ग्रामपंचायतींची जुनी वाचनालये 'अरिवु केंद्र' या नावाने नव्या रंगात उभी राहिली, आणि यांपैकी कोणत्या ना कोणत्या जागेत ही मुले दिवसाचे काही तास बसतात. मी अट एकच घातली होती : लेख पुस्तकांविषयी किंवा वाचनसंस्कृतीविषयी नको, इमारतीविषयी हवा.

अडचण मजकूर हाती आल्यावर कळली. निम्मे लेख उद्घाटनाच्या बातमीसारखे आहेत : वास्तू भव्य, दालने सुसज्ज, सुविधा अत्याधुनिक. उरलेले बहुतेक तक्रारअर्ज आहेत : पंखा फिरत नाही, प्यायला पाणी नाही, कर्मचारी नीट बोलत नाहीत. काहींनी चीनमधील तिआनजिनच्या ग्रंथालयाची मोबाइलवर पाहिलेली छायाचित्रे समोर ठेवून 'आपल्याकडे असे का नाही' असा सूर लावला आहे. पंख्याची तक्रार खोटी नाही, परंतु तिच्यातून वास्तूची समीक्षा कशी उभी राहील, हे मला त्यांना सांगता येत नाही. कारण वास्तुकलेचे शिक्षण ना त्यांचे झाले आहे, ना माझे.

तेव्हा जाणकारांना विचारते. खांब आणि तुळई यांपलीकडे बांधकामातले ज्याला फारसे कळत नाही, अशा सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने इमारतीविषयी अधिकाराने लिहावे, तर कशाच्या आधारावर? एखादा दोष दिसला, तर तो वास्तुरचनाकाराचा, कंत्राटदाराचा की खात्याचा, हे ठरवल्याशिवाय लिहूच नये का? आणि आपल्या भागापुरता आणखी एक प्रश्न : फलकांच्या किंवा पुस्तकांच्या भाषेचा उल्लेख आला की तो लेख सीमाप्रश्नावरचा म्हणूनच वाचला जातो. असे परिच्छेद ठेवावेत की काढून टाकावेत?

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, निपाणी

मॅडम, अधिकाराचा मुद्दा आधी घेतो. कर्नाटकात १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतला जातो, तो आज ६ टक्के आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांतून तो दरवर्षी भरला जातो. पलीकडे कागल-गडहिंग्लजला स्थिती निराळी आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा कर नाही. तिथे संस्थांनी चालवलेली वाचनालये अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार सरकारी अनुदान घेतात, आणि इमारत कशी बांधायची हे बहुधा संस्थेची समिती ठरवते. आपल्याकडील सरकारी ग्रंथालयांबाबत ते सरकार ठरवते. त्यामुळे निपाणीतल्या मुलाने लिहिलेल्या समीक्षेचा पत्ता आणि कागलमधल्या मुलाच्या समीक्षेचा पत्ता एक असू शकत नाही, आणि आपण कोणाला उद्देशून लिहितो आहोत हे लेखकाला पहिल्या परिच्छेदापासून ठाऊक असले पाहिजे.

आता सुरुवातीविषयी. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' हा आहे. हा नियम कपाटांच्या रचनेला लावला जातो, पण मला तो इमारतीच्या परीक्षणाची सर्वांत सोपी पट्टी वाटतो. विद्यार्थ्याने एक वाचक मनाशी धरावा आणि त्याच्यामागोमाग रस्त्यापासून निघून पुस्तक हातात पडेपर्यंतचा मार्ग लिहावा. बस कोठे थांबते, तिथून फाटक किती लांब, पायऱ्या किती, चपला कोठे काढायच्या, जुलैमध्ये ओली छत्री कोठे ठेवायची, नोंदवहीपर्यंत जाताना अभ्यास करणाऱ्यांच्या खुर्च्या ओलांडाव्या लागतात का, मराठीचे कपाट कोणत्या मजल्यावर. हा वाचक सत्तरीचा असेल तर एक लेख होतो, आठ वर्षांची मुलगी असेल तर दुसरा, आणि संध्याकाळच्या शेवटच्या बसने जांबोटीकडे परतणारा उमेदवार असेल तर तिसरा. इमारत मात्र तीच राहते.

जागेची निवड हीसुद्धा वास्तुरचनाच आहे, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, भर बाजारपेठेतले. भाजी घ्यायला निघालेला माणूस वाटेत वर्तमानपत्र चाळून जात असे. आज मोठा भूखंड हवा म्हणून नवी इमारत वस्तीपासून दूर नेली जाते, समोर हिरवळ आणि कारंजे होते, आणि तिथे पोहोचायला दुचाकी लागते. आतले फर्निचर कितीही चांगले असो, सकाळी आठ वाजता पेपर वाचायला येणारा म्हातारा त्या इमारतीने आधीच गमावलेला असतो. माझ्या नोकरीच्या काळात मी अशी स्थलांतरे पाहिली आहेत, आणि दरवेळी पहिल्यांदा नाहीसा झाला तो हाच वाचक.

उत्तर : वास्तुरचनाकार, बेळगाव

ग्रंथपाल सरांनी सांगितलेली पद्धत उत्तम आहे. मी छायाचित्रांविषयी लिहितो, कारण माझ्या मते विद्यार्थ्यांच्या लेखांतला खरा अडथळा तिथे आहे.

तिआनजिनचे बिनहाई ग्रंथालय २०१७ मध्ये उघडले. रॉटरडॅमच्या एमव्हीआरडीव्ही या कार्यालयाने ते रचले. मध्यभागी मोठा गोल, आणि त्याच्याभोवती छतापर्यंत चढत गेलेली पांढरी फडताळे, हे चित्र जगभर पसरले. त्या वरच्या रांगांत पुस्तके नाहीत. छिद्रे पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर पुस्तकांची चित्रे छापून ती तिथे बसवलेली आहेत. मूळ आराखड्यात त्या फडताळांपर्यंत मागच्या खोल्यांतून पोहोचायची सोय होती. पहिल्या रेखाटनापासून उद्घाटनापर्यंतचे सगळे काम तीन वर्षांत उरकायचे ठरल्यामुळे ती सोय गळाली, आणि हा निर्णय आमच्या सल्ल्याविरुद्ध झाला असे त्या कार्यालयानेच जाहीर केले. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या उदाहरणात आहे. 'दोष कोणाचा' हे ठाऊक नसतानाही 'वरच्या कपाटांपर्यंत हात पोहोचत नाही' हे लिहिता येते, आणि लिहिलेच पाहिजे. कारणाविषयी मात्र तर्क करू नये, ते विचारावे. सरकारी इमारतीचे मंजूर नकाशे आणि निविदेची कागदपत्रे माहिती अधिकारात मागता येतात. वास्तुरचनाकाराला कामाच्या आरंभी जे मागणे लिहून दिले जाते, ज्याला आम्ही 'ब्रीफ' म्हणतो, ते हाती आले तर पुष्कळ कोडी सुटतात. शंभर खुर्च्या मागितल्या होत्या आणि स्वच्छतागृहाविषयी चकार शब्द नव्हता, असे ब्रीफ मी स्वतः पाहिले आहे.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील हंटर्स पॉइंट ग्रंथालय हे दुसरे उदाहरण. स्टीव्हन हॉल यांची रचना, खर्च ४ कोटी डॉलरांच्या वर, आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते उघडले तेव्हा नामवंत समीक्षकांनी त्याची मनापासून स्तुती केली. काही दिवसांतच वाचकांच्या लक्षात आले की कथा-कादंबऱ्यांच्या तीन टप्प्यांपर्यंत फक्त जिन्यानेच जाता येते. चाकाच्या खुर्चीवरचा वाचक किंवा बाबागाडी घेऊन आलेली आई खालूनच पाहत राहणार. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रकरण न्यायालयात गेले. शिकलेल्या समीक्षकांच्या नजरेतून जे निसटले ते साध्या वाचकांनी टिपले, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. उतरण १ फूट चढायला किमान १२ फूट लांबीची हवी, हे मोजायला टेप पुरतो. पुष्कळ ठिकाणी उतरण दिसते खरी, पण ती इतकी उभी असते की तिच्यावरून दुचाकीच वर चढवलेली आढळते.

तिसरे उदाहरण पॅरिसचे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची दोमिनिक पेरो यांनी रचलेली इमारत १९९० च्या दशकात उघडली. चार कोपऱ्यांत उघड्या पुस्तकांच्या आकाराचे काचेचे चार मनोरे, त्यांत ग्रंथसंग्रह, आणि वाचनकक्ष खाली, खोलगट बागेभोवती. पुस्तके उन्हात आणि माणसे तळघरात, अशी टीका तेव्हा झाली. अखेर काचेच्या आतून लाकडी झडपा बसवून पुस्तकांचे उन्हापासून रक्षण करावे लागले.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण आपल्या जिल्ह्यात काचेचा सोस वाढतो आहे आणि इथले ऊन-पाऊस पॅरिसपेक्षा कठोर आहेत. नैर्ऋत्येचा पाऊस तिरका येतो. पश्चिमेच्या भिंतीला सपाट काच लावली, वर पुरेसा छज्जा दिला नाही, तर एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर त्या बाजूला कोणी बसत नाही, आणि जून ते सप्टेंबर चौकटीतून पाणी झिरपते म्हणून ती बाजू पडदे आणि फळ्या लावून बंद ठेवली जाते. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात ती याच्या कितीतरी वर असते. म्हणून हवा खेळणे हा तिथे पुस्तकांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आपल्या जुन्या घरांना ओसरी आणि खाली उतरलेले कौलारू छप्पर होते, खानापूरची माती आणि कौले प्रसिद्ध होती, आणि त्या छपरांनी हा पाऊस शतकभर सांभाळला. आज सपाट स्लॅब ओततात, तो चार पावसाळ्यांत गळू लागतो, मग गच्चीवर पत्रे मारतात. पत्र्यावर आपला पाऊस पडू लागला की खाली शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, तिथे वाचन कसले होणार! विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीत जाऊन लेख लिहिला, तर यातले काहीच दिसणार नाही. एकाच वाचनालयात पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्याच्या दुपारी एकदा जावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

उत्तर : पदव्युत्तर विद्यार्थिनी, खानापूर तालुका

वरची दोन्ही उत्तरे वाचली आणि पुष्कळ शिकायला मिळाले, तरी एक मतभेद नोंदवते. बाई, या वाटेने गेलात तर तुमचे विद्यार्थी समीक्षक होण्याऐवजी तपासनीस होतील. उतरण किती, छज्जा किती, पायऱ्या किती, हे सगळे हवेच, पण इमारत माणसाला काय वाटायला लावते हे त्यातून पूर्णपणे निसटते. आणि लिहिणाऱ्याचे काम तर तिथूनच सुरू होते.

माझे वाचन ग्रामपंचायतीच्या एका खोलीत झाले. एक खिडकी, एक ट्यूबलाइट, आणि शेजारच्या खोलीत दाखल्यांसाठी भांडणारी माणसे. पुढे चेन्नईला अण्णा शताब्दी ग्रंथालयात गेले तेव्हा त्या उंच प्रवेशदालनात मला कोणीही 'काय पाहिजे' असे विचारले नाही, आणि इतकी मोठी जागा आपल्यासाठी बांधली आहे ही भावना मी प्रथमच अनुभवली. २०१० मध्ये उघडलेल्या त्या इमारतीत स्वतःची पुस्तके घेऊन येणाऱ्यांसाठी वेगळा कक्ष आहे, आणि ब्रेल विभाग तळमजल्यावर आहे. २०११ मध्ये तिचे रुग्णालय करण्याचा निर्णय झाला, तेव्हा लोक न्यायालयात गेले आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो थांबवला. एका खोलीच्या वाचनालयासाठी असे कोणी भांडले असते का, मला शंका आहे. भव्यतेची थट्टा करणे सोपे आहे, पण गरीब घरातल्या वाचकाला भव्यता कधी कधी सन्मान म्हणून भेटते. तुमच्या विद्यार्थ्यांनी 'भव्य' लिहिले म्हणून ते खोडू नका. भव्य म्हणजे किती उंच, उजेड कोठून येत होता, आवाज घुमत होता की विरत होता, आत शिरल्यावर आपण आपोआप हळू बोलू लागलो का, एवढे त्यांना विचारा.

सिएटलचे मध्यवर्ती ग्रंथालयही मला याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते. रेम कूलहास यांच्या ओएमए कार्यालयाची ही अकरा मजली इमारत २००४ मध्ये उघडली. ललितेतर पुस्तके चार मजल्यांवर सलग चढत जाणाऱ्या उतरणीवर मांडली आहेत, आणि वर्गीकरणाचे आकडे पायाखालच्या चटयांवर आहेत. संग्रह वाढला तरी विषयाची साखळी तुटू नये ही त्यामागची कल्पना. तिथे वाट सापडत नाही अशी तक्रारही तितकीच प्रसिद्ध आहे. एकाच इमारतीविषयी या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि त्या दोन्ही एका लेखात सांभाळता येणे ही मला समीक्षा वाटते. ग्रंथपाल सरांची वेळ वाचवण्याची पट्टी लावली, तर मला त्या उंच दालनात निष्कारण बसून राहावेसे का वाटले, याची नोंद कोठे करायची?

उत्तर : स्थापत्य अभियंता, चिकोडी

थोडक्यात लिहितो. विद्यार्थ्यांना न दिसणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे वजन. भारतीय मानकानुसार घराच्या खोलीची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून रचतात. वर्गखोलीसाठी सुमारे ३०० किलो. आणि पुस्तकांच्या कपाटांच्या दालनासाठी किमान ६०० किलो, तेही कपाटे २.२ मीटर उंचीची धरून. कपाटे त्याहून उंच असतील तर भार आणखी वाढतो. दुकानांसाठी किंवा समाजमंदिरासाठी बांधलेल्या इमारतीचा पहिला मजला 'ग्रंथालयाला' दिला जातो, तेव्हा कपाटे भिंतीलगत का चिकटवलेली असतात आणि मध्ये नुसतेच टेबल का असते, याचे कारण अनेकदा इथे सापडते. ग्रंथालयाच्या इमारतींसाठी आयएस १५५३ हे स्वतंत्र मानकही आहे. ते ओझरते चाळले तरी मुलांना योग्य प्रश्न सुचतील.

आणि विजेचे सॉकेट मोजायला सांगा. आजचा उमेदवार लॅपटॉप आणि मोबाइलवर अभ्यास करतो. सॉकेट भिंतीला आणि टेबले मधोमध असतील, तर सकाळी जागा कोठून भरू लागतात ते पाहा, म्हणजे रचनेत काय चुकले ते आपोआप कळते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मतभेद उपयोगी पडला. प्रत्येक विद्यार्थ्याने एकच वाचनालय घ्यावे, आधी वाचकामागून चालत मार्ग लिहावा आणि त्यानंतर त्या जागेत स्वतःला काय वाटले ते लिहावे, असे ठरवते आहे. पंख्याची तक्रारही आता निराळी दिसते : पंखा बंद पडल्यावर ज्या दालनात बसवत नाही, त्या दालनाला समोरासमोर खिडक्या आहेत का, हे विचारले की तीच तक्रार इमारतीविषयीची होते. अंक मार्चमध्ये छापायचा असल्याने पावसाळ्याची भेट या वर्षी जमणार नाही. परंतु मुले गेल्या पावसाळ्यातही तिथेच बसत होती, तेव्हा आठवणीवरून आणि कर्मचाऱ्यांना विचारून लिहिता येईल. भाषेच्या परिच्छेदांविषयी मात्र अजून निर्णय होत नाही. शिवाय लेखाबरोबर नकाशा द्यावा असे वाटते. तो मुलांना काढता येईल का?

उत्तर : निवृत्त ग्रंथपाल, निपाणी

खानापूरच्या ताईंचा मुद्दा मला मान्य आहे. निष्कारण बसून राहावेसे वाटणारी जागा वाचकाचा वेळ वाया घालवते असे मी म्हणणार नाही. माझी पट्टी पुस्तक शोधणाऱ्यासाठी आहे.

भाषेविषयी. परिच्छेद ठेवा, पण ते इमारतीच्या अंगाने लिहून घ्या. आपल्या ग्रंथालयांत कन्नड, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि काही ठिकाणी उर्दू पुस्तके एकत्र नांदतात; कोणते कपाट दाराजवळ, कोणते जिन्याखाली, कोणते कुलपात, हे नकाशावर दाखवता येते आणि त्यावर कोणाला वाद घालता येत नाही. कपाटावरची पट्टी त्या कपाटातल्या पुस्तकांच्या लिपीत आहे का, हाही वाचकाच्या सोयीचा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात उर्दू वाचकाची अडचण मराठी वाचकाहून मोठी असे, आणि खेड्यातून आलेल्या कन्नड वाचकालाही इंग्रजी फलकांपुढे थबकताना मी पाहिले आहे. विद्यार्थ्याने फक्त स्वतःच्या भाषेचे कपाट न शोधता सगळ्याच भाषांची कपाटे नोंदवली, तर लेख सीमाप्रश्नात अडकणार नाही, आणि जी विषमता असेल ती झाकलीही जाणार नाही.

उत्तर : स्थापत्य अभियंता, चिकोडी

नकाशा मुले सहज काढू शकतील. आलेखाचा कागद घ्यावा, १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर धरावा. दोघांनी टेप धरायचा, तिसऱ्याने लिहायचे. आधी बाहेरच्या भिंती, मग दारे-खिडक्या, मग कपाटे आणि टेबले. मोबाइलमधल्या होकायंत्राने उत्तर दिशा पाहून बाण काढावा, नाहीतर पश्चिमेच्या काचेविषयी लिहिलेले वाचणाऱ्याला पटणार नाही. खिडक्यांपैकी ज्या प्रत्यक्षात उघडतात त्यांवर वेगळी खूण करावी. खिळे मारून बंद केलेल्या पुष्कळ निघतील. मोजमाप घेण्याआधी ग्रंथपालांची लेखी परवानगी घ्यावी आणि शक्यतो दुपारी दोनच्या सुमारास जावे, कारण त्या वेळी पेपर वाचणारे घरी गेलेले असतात आणि संध्याकाळची गर्दी अजून सुरू झालेली नसते.